खंडेनवमीच्या दिवशी मी कुठे होतो

विमान जागेवरून हलण्याआधी एक माणूस त्याच्या नाकासमोर, जरा बाजूला उभा राहतो आणि हातातल्या लाल फिती वर धरतो. विमान उभं असतं तेव्हा त्याच्या नाजूक जागांवर टोप्या घालून ठेवतात, चाकांच्या दांड्यांत खिळे अडकवून ठेवतात. प्रत्येकाला हातभर लांब लाल फीत असते, म्हणजे काढायचं राहिलं तर लांबूनही दिसावं. तो माणूस या सगळ्या फिती गोळा करून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक काचेआडून त्या मोजतो आणि अंगठा वर करतो. अर्थ एवढाच, की जे काढायचं ते मी काढलं आहे आणि तुम्ही ते पाहिलं आहे. दोन माणसांमध्ये होणारा इतका स्वच्छ करार मला दुसरा माहीत नाही. लग्नात याहून पुष्कळ जास्त बोलतात आणि याहून पुष्कळ कमी ठरतं.

तेहतीस वर्षं तो फितीवाला माणूस मी होतो. हुद्दा विमान देखभाल अभियंता. विलेपार्ल्यात आमच्या आळीत आई सगळ्यांना "तो विमानात असतो" असं सांगायची. मी बहुतेक वेळ विमानाखाली असायचो. उपनगरातल्या एका जुन्या छोट्या विमानतळावर आमचं हँगर होतं. हँगर म्हणजे विमानांचं गॅरेजच, फक्त तिथे "उद्या या" म्हणायची सोय नाही. शिकाऊ वैमानिकांची पंख्याची विमानं, खाजगी हेलिकॉप्टरं, कधी एखादं सर्वेक्षणाचं विमान, असं आमचं गिऱ्हाईक.

काम सांगायला सोपं आहे. बघायचं, दुरुस्त करायचं, सही करायची. बघणं आणि दुरुस्त करणं कुणीही हुशार मेकॅनिक करतो. पगार सहीचा असतो. कागदावर "तपासलं, ठीक" असं लिहून खाली सही केली की त्या वाक्याची जबाबदारी जन्मभर आपली. आमच्या धंद्यात खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारून वर पुन्हा लिहायचं, म्हणजे काय चुकलं होतं तेही दिसत राहतं. ही पद्धत मला फार आवडायची. माणसांनाही लागू करावी असं मी तरुणपणी म्हणत असे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे मुख्य होते डिसूझासाहेब. अंधेरीच्या अंबोलीत राहणारे, उंच, कायम इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्या मागच्या खिशात एक बारीक टॉर्च असायचा आणि तो मी कधीही दुसऱ्याच्या हातात पाहिला नाही. एका उद्योगपतीने आपल्या हेलिकॉप्टरसाठी वास्तुतज्ज्ञ आणला होता. त्याने पाहणी करून सांगितलं की यंत्राचं तोंड पूर्वेला हवं. मी हसू दाबत होतो. डिसूझासाहेबांनी गंभीरपणे हेलिकॉप्टर पूर्वेला वळवून दिलं आणि म्हणाले, "हां सर, उभं असताना पूर्वेला. उडताना मात्र वारा सांगेल तिकडे." उद्योगपती खूश झाला, वास्तुतज्ज्ञही. मी मात्र त्या दिवशी साहेबांना मनातल्या मनात एक गुण कमी दिला. मला वाटलं, हे फारच सांभाळून घेतात.

खंडेनवमीलाही मला तसंच वाटायचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा. कारखान्यात होते तशी हँगरमध्येही व्हायची. एरवी आमची हत्यारं भिंतीवरच्या फळीवर टांगलेली असत, आणि प्रत्येकाच्या मागे त्याच्या आकाराची काळी सावली रंगवलेली असे. पाना जागेवर नसला तर उघडी सावली ओरडून सांगते की तो कुठेतरी विमानात राहिलाय. खंडेनवमीला मात्र सगळ्या सावल्या उघड्या पडायच्या. हत्यारं धुऊन लाल कापडावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ. पूजा करायचा तुकाराम घाडी. तो आमचा सगळ्यात चांगला मेकॅनिक, कुडाळकडचा. वडील गिरणीत होते, हा विमानात आला. डिसूझासाहेब सकाळी चर्चमध्ये जाऊन यायचे आणि पूजा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हात जोडून घाडीच्या मागे उभे राहायचे. कुणी फूल घेऊन विमानाकडे निघाला की ते बोट दाखवायचे: चाकावर ठेव, पायरीवर ठेव. एकदा एकाने इंजिनाच्या तोंडापाशी झेंडू नेला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "देव भोकात बसत नाही, मॅन. चाकावर ठेव."

प्रसाद वाटून झाला की ते मागच्या खिशातून टॉर्च काढायचे. "आता माझी पूजा." मग तासभर ते प्रत्येक विमानाच्या प्रत्येक भोकात प्रकाश टाकून बघत फिरायचे आणि शेवटी फळीवरची प्रत्येक सावली भरलेली आहे की नाही ते तपासायचे.

मी समजत होतो, हा ख्रिस्ती माणूस कामगारांचं मन राखतोय.

साहेब निवृत्त झाले आणि मी मुख्य झालो. मी वाचणारा माणूस. पार्ल्यातल्या दोन वाचनालयांचा सभासद, व्याख्यानमालेत शेवटी उठून वक्त्याला अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी. देवाधर्माचं मला वावडं. पण दुसऱ्यावर सक्ती करणाऱ्यांतला नाही. म्हणून मी पूजा बंद केली नाही. फक्त खंडेनवमीला सकाळी घाडीला सांगायचो, "तुमचं चालू द्या, झालं की बोलवा," आणि पुस्तक घेऊन कॅन्टीनमध्ये जाऊन बसायचो. याला मी उदारमतवाद म्हणत असे. मला त्याचा बऱ्यापैकी अभिमानही होता.

चौदा वर्षं काही झालं नाही. घाडीला साहेबांचा नियम पाठ होता. शिवाय आमच्या छोट्या विमानांची नाजूक भोकं पंखाखाली असतात. तिथे वाकून फूल वाहायची कुणाला हौस?

मग ते जेट आलं.

हवाई दलाने कधीच मोडीत काढलेलं दोन आसनी प्रशिक्षण जेट. बरीच वर्षं ते कुठल्याशा संस्थेच्या बागेत चौथऱ्यावर उभं होतं. पोरं त्याच्या पंखांवरून घसरगुंडी खेळत. एका बांधकाम व्यावसायिकाच्या पुढाकाराने एक वारसा समिती स्थापन झाली, समितीचं बोधचिन्ह तयार झालं, बोधचिन्हाचं अनावरण झालं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की विमानाचंही काहीतरी करायला हवं. ते आमच्या हँगरमध्ये आणलं गेलं. उडवायची परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. ठरलं असं, की इंजिन जिवंत करायचं आणि दसऱ्याला मान्यवरांसमोर धावपट्टीवर जोरात पळवून थांबवायचं. नंतर ते व्यावसायिकाच्या नव्या वसाहतीच्या दारात उभं राहणार होतं.

समारंभाची मी पुष्कळ थट्टा केली, पण यंत्राच्या मी प्रेमात पडलो हे कबूल करायला हवं. निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली होती आणि जन्मभर पंख्याची विमानं केल्यावर हातात जेट आलं होतं. मागच्या नळकांड्यातून घाडीने साळुंकीची तीन घरटी काढली. चौदा महिने आम्ही दोघं त्यात राबलो. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा घाडी रडला. मी चष्मा पुसला.

चालवायला आले विंग कमांडर सबनीस. निवृत्त, वय एकाहत्तर, मुलुंडला राहणारे. तरुणपणी त्यांनी याच जातीचं विमान शेकडो तास उडवलं होतं. दर शनिवारी स्वतः गाडी चालवत यायचे, सोबत पेन्सिलीने आकडे लिहिलेली एक वही. समितीला वाटत होतं त्यांनी त्या दिवशी सगळी पदकं लावावीत. ते म्हणाले, पट्ट्यात अडकतात. मला हा माणूस पहिल्या पाच मिनिटांत आवडला. त्यांनाही मी आवडलो असावा. माझ्या कागदांवर ते दुसऱ्यांदा नजर टाकत नसत. "पेठे, तुमची सही आहे ना? मग झालं."

धाव कशी करायची ते त्यांनी वहीत मांडलं होतं. वेगाचा काटा सत्तरवर आला की इंजिन पाडायचं, म्हणजे त्याचा जोर काढून घ्यायचा, आणि ब्रेक. धावपट्टी आखूड, पण सत्तरला इंजिन पाडलं तर पुढे भरपूर जागा उरत होती. तीन चाचण्या केल्या. तिन्ही वेळा वाऱ्याच्या मोज्यापाशी, म्हणजे खांबावरच्या त्या कापडी नळीपाशी, इंजिनाचा आवाज पडला. तिन्ही वेळा ते उतरून एकच शब्द म्हणाले, "झकास."

आता तो काटा वेग कसा ओळखतो हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. विमानाला एक बारीक नळी असते, तोंड पुढे. आम्ही तिला पिटो म्हणतो. विमान पळतं तशी समोरची हवा त्या नळीत दाबली जाते आणि तो दाब काट्याला ढकलतो. नळी मोकळी तर काटा खरा. नळी पूर्ण बंद तर काटा हलतच नाही, आणि वैमानिकाला लगेच कळतं. वाईट असते ती अर्धी बंद नळी. हवा झिरपत आत जाते, काटा चढतो, पण मागून चढतो. खोटं बोलणारा माणूस पूर्ण खोटं बोलला तर पकडला जातो, तसंच. म्हणून या नळीवर लाल फितीची टोपी असते, आणि टोपी काढल्यावर आत टॉर्च मारून बघायचं असा नियम असतो.

आमच्या छोट्या विमानांत ही नळी पंखाखाली. या जेटमध्ये ती नाकातून सरळ पुढे आलेली होती, भिंतीतल्या खुंटीसारखी.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी घाडीला नेहमीचं वाक्य सांगितलं आणि कॅन्टीनमध्ये गेलो. पुस्तक रंगलं होतं. तासाभराने निरोप आला तेव्हा मी आलो, पेढा खाल्ला, जेटच्या चाकांवरचे झेंडू पाहिले. नळीवर टोपी होती, फीत लोंबत होती. नळी मी अष्टमीच्या संध्याकाळी स्वतः तपासली होती. टोपी मधल्या काळात निघाली असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

दसऱ्याला धाव सकाळी नऊला होती. मान्यवर अकरा वाजून गेल्यावर आले. तोवर सोफ्यांवरचे टर्किश टॉवेल दोनदा बदलले गेले आणि निवेदकाने आकाशाला तीन वेळा गवसणी घातली. सकाळचा वारा समोरून असतो; अकरानंतर समुद्राचा वारा सुटतो आणि तो पाठीमागून आला. सबनीसांनी दिशा बदलू या म्हणून सुचवलं. समितीचा माणूस म्हणाला की मंच इकडे आहे, कॅमेरे इकडे आहेत. सबनीसांनी वही उघडली, हिशेब केला आणि मला म्हणाले, "जागा कमी उरेल, पण उरेल."

मी टोप्या काढायला लागलो. पिटोची टोपी काढली, नळी बाहेरून फडक्याने पुसली. टॉर्च माझ्याही खिशात होता. तेवढ्यात वॉकीटॉकीवाला माणूस धावत आला, साहेबांना पुढे कार्यक्रम आहे म्हणाला. मी कागदावर लिहिलं: पिटो तपासली, मोकळी. सही केली. समोर जाऊन फिती वर धरल्या. सबनीसांनी त्या मोजल्या आणि अंगठा दाखवला.

लोक बघत होते. मी ऐकत होतो. वारा पाठचा, म्हणून मोज्याच्या थोडं पुढे आवाज पडायला हवा होता, तो पडला नाही. एक. दोन. तीन. घाडीने माझा दंड धरला. मग आवाज पडला, चाकांतून धूर आला, आणि जेट धावपट्टीच्या टोकावरून गवतात, गवतातून कुंपणाजवळच्या नाल्यात गेलं. पुढचं चाक मोडून नाक गाळात रुतलं. निवेदकाचं वाक्य चालू होतं. त्याने ते पूर्ण केलं.

घाडी माझ्याआधी पोचला. आम्ही काच वर उचलली. सबनीस शुद्धीवर होते, हलता येत नव्हतं. इंजिन बंद केलेलं, इंधनाचा खटका बंद केलेला. सगळं त्यांनी नीट केलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "पेठे, काटा पंचावन्नवर होता."

"बोलू नका, सर."

"मी बघत होतो. पंचावन्न."

पाठीचे दोन मणके दबले होते. तीन महिने ते पाठीवर पडून होते. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने सीमोल्लंघनाचा विनोद केला. एरवी तो मीच केला असता.

चौकशी झाली. चौकशी करणारे सभ्य होते. वेगाचं यंत्र काढून टेबलावर तपासलं, बिनचूक निघालं. नळी वाकून नाल्याच्या गाळाने गच्च भरली होती. तीवरून काही सांगता येत नाही असं त्यांनी लिहिलं. मला विचारलं, नळी तपासली होती का? मी हो म्हटलं. कागद समोर होता, सही माझीच होती. मनात स्वतःला समजावलं, अष्टमीला तपासली होतीच की. उरले सबनीस आणि त्यांचं पंचावन्न. यंत्र बरोबर, नळी तपासलेली, तेव्हा वाचणारा चुकला असावा. अहवालात "वयोमानानुसार" हा शब्द दोनदा होता. त्यांच्या बाजूने बोलायला फक्त ते होते.

तीन आठवड्यांनी मोडलेले भाग परत आले. घाडी आणि मी ते धूत होतो. मी पिटो नळीत तार घातली. आधी नाल्याचा काळा गाळ निघाला. मग तार अडली. जोर दिला तेव्हा पलीकडून एक पिवळा, सिमेंटसारखा घट्ट खडा बाहेर पडला. पाण्यात धरल्यावर तो सुटला. हळद होती, आणि तांदळाचे दोन दाणे.

घाडीने ते दाणे तळहातावर घेतले.

"साहेब, हे माज्या हातचे."

मग त्याने सांगितलं. इतकं देखणं विमान, चौदा महिने ज्याच्यासाठी राबलो, त्याला नुसतं चाकावर फूल? नाकावर टिळा नको? तोंड झाकून पूजा कशी करायची म्हणून त्याने टोपी काढली, ओल्या हळदीचं बोट लावलं, अक्षता वाहिल्या, खुंटीला हार घालावा तसा नळीला हार घातला. नंतर सगळं बाहेरून पुसून टोपी परत चढवली. आत काही गेलं असेल हे त्याला सुचलं नाही. नियम त्याला ठाऊक होता. पण तो नियम त्याच्या डोक्यात कधी नव्हता, तो त्याच्या मागे उभा असायचा.

"मी सांगतंय त्यांका," तो म्हणाला. "आताच जातंय."

"नको."

"सबनीससाहेबांचा नाव खराब होतासा."

"घाडी, तुझं नाव कागदावर कुठेच नाही. उगाच अडकशील. राहू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"साहेब, डिसूझासाहेब मागे उभे असायचे. तुमी तेव्हा खंय होतात?"

मी तार खाली ठेवली. दाणे कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकले. घाडीला वाचवण्यासाठी मी गप्प बसतो आहे असं मी त्या दिवशी ठरवलं आणि पुढे बरेच महिने त्यावर माझा विश्वासही होता. घाडी पुढच्याच वर्षी निवृत्त होऊन गावी गेला. जाताना पाया पडायला आला नाही; एरवी तो सणासुदीला सगळ्यांच्या पाया पडायचा आणि मी सगळ्यांना सांगायचो की मला हे आवडत नाही.

दोन वर्षं गेली. मीही निवृत्त झालो. मोतीबिंदूसाठी घाटकोपरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. बाहेरच्या बाकावर मालतीबाई सबनीस भेटल्या. विंग कमांडर आत तपासणीला गेले होते. ही चौथी तपासणी, त्या म्हणाल्या. डोळ्यांत काही दोष नाही, डॉक्टर प्रत्येक वेळी सांगतात. यांना पटत नाही. अपघातानंतर गाडीची किल्ली माझ्या हातात दिली, ती पुन्हा घेतलीच नाही. आणि मला कुठे येते चालवता? गाडी खाली धूळ खातेय. त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. घरात थर्मामीटर लावला तरी मला बघायला सांगतात. समोर भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्याकडे बघत मला विचारतात, किती वाजले? म्हणतात, मी सत्तरला पंचावन्न वाचलं, माझं काय खरं.

सबनीस बाहेर आले. हातात काठी. माझ्याशी चार शब्द बोलले, जेटची चौकशी केली. मी सांगितलं, नाक सरळ करून वसाहतीच्या दारात उभं केलंय. नळीला दर खंडेनवमीला रहिवासी हार घालतात हे मी सांगितलं नाही.

मोतीबिंदू काढल्यावर मला बरंच स्पष्ट दिसायला लागलं असं लिहिण्याचा मोह होतो, पण तसं काही झालं नाही. मला नुसती झोप येईना. एका दुपारी ती पुडी खिशात घालून मी मुलुंडला गेलो.

मालतीबाईंनी दार उघडलं. सबनीस खिडकीशी बसले होते, समोरच्या भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. मला बघून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "मालती, किती वाजले?"

"पाच वाजून पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

मी पुडी उघडून त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवली. कॅन्टीन, हार, हळद, फडकं, वॉकीटॉकी, सही, तार, सगळं क्रमाने सांगितलं. घाडी सांगायला निघाला होता आणि मी त्याला अडवलं, तेही.  मग दाण्यांकडे बघत त्यांनी विचारलं,

"किती आत होतं?"

"बोटभर."

"म्हणजे पूर्ण बंद नव्हती."

"नाही सर. हवा झिरपत होती. काटा मागून येत होता."

"पंचावन्न दाखवत होता."

"हो."

"मी पंचावन्नच वाचलं."

"हो, सर."

त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटाने दोनदा टकटक केलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी दोन वर्षं त्याचीच तयारी केली होती.

"तुम्ही मला फीत दाखवलीत," ते म्हणाले. "मी अंगठा दाखवला. एवढंच तर असतं आपल्यात."

मी म्हटलं की मी चौकशी करणाऱ्या कार्यालयाला लिहिणार आहे. लिहा, ते म्हणाले. नुसतं त्यांना नाही, जिथे लोक वाचतात तिथे लिहा. अहवाल कोण वाचतं? कार्यालयाचं उत्तर नंतर आलं, प्रकरण बंद झालं आहे असं. म्हणून हे इथे लिहितो आहे. यात एक रेघ मारलेली आहे, आणि खालचं जुनं वाक्य मुद्दाम दिसत ठेवलं आहे.

मी उठलो. घाडीबद्दल त्यांनी विचारलं. गावी असतो म्हटलं.

"त्याला कळवा, माझा त्याच्यावर राग नाही. त्याने मनापासून केलं."

मी दाराकडे वळलो नाही. काही विचारलंही नाही, पण ते त्यांना ऐकू आलं असावं.

"तुमच्याबद्दल अजून ठरवलं नाही, पेठे. थोडा वेळ लागेल. तुम्हाला दोन वर्षं लागली."

चहाचा कप मी तसाच ठेवला होता. मालतीबाई आतून म्हणाल्या, थांबा, गरम करते. मी नको म्हटलं, उशीर होईल. सबनीसांनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जसं कुणी अनोळखी माणसाकडे ओळख पटेपर्यंत पाहतं.

"सहाला दहा कमी," ते म्हणाले.

आत भांड्याचा आवाज थांबला. मी चपला घालत होतो. दार ओढून घेताना त्यांचा आवाज पुन्हा आला, आधीपेक्षा हळू, स्वयंपाकघराच्या दिशेने.

"बरोबर आहे ना गं?"